पगार : लिस्बनचं क्रियापद, रोमची शांती आणि आपलं ‘फेडणं’

चाळकरी

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय आज लिहून काढतो.

नोकरीनिमित्त लिस्बनला आलो, त्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. घराखालच्या कॅफेत कॉफी घेत बसलो होतो. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी पेपराची घडी घातली, काउंटरकडे बघत हात जरा वर केला आणि म्हणाले, ‘केरीअ पगार.’ मी चमकून वर बघितलं. उच्चार अगदी आपला होता. ‘प’ आखूड, ‘गा’ लांब, शेवटी स्वच्छ ‘र’. आजोबांना अर्थातच पगार नको होता, कॉफीचे पैसे द्यायचे होते. पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ हे क्रियापद आहे: पैसे देणे, चुकते करणे.

आपला ‘पगार’ पोर्तुगिजांकडून आला, हे शाळेत ऐकलेलं होतं. पाव, बटाटा, चावी, लिलाव, घमेलं, नाताळ यांच्याच रांगेतला तो शब्द. मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दलगादो या गोव्यातल्या बार्देशमधल्या आसगावच्या विद्वानाने आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवर १९१३ साली ग्रंथ काढला, त्यातही तो नोंदलेला आहे. पण गंमत अशी की इथे महिन्याच्या वेतनाला कुणीच ‘पगार’ म्हणत नाही. ‘ओर्दनादु’ म्हणतात, ‘सालारियु’ म्हणतात. क्रियापदाचं नाम आपण केलं. मराठीने केलं, गुजरातीने केलं, मुंबईच्या हिंदीनेही केलं. पैसे देणाऱ्याच्या तोंडी जे क्रियापद होतं, ते घेणाऱ्याने ऐकलं आणि हातात पडलेल्या रकमेलाच ते नाव दिलं, असं माझ्या डोळ्यांसमोर येतं.

इथवर सरळ होतं. मग एक दिवस मोबाइलची भाषा पोर्तुगीज केली. चुकीच्या माणसाला गेलेला मेसेज पुसायला गेलो, तर पर्याय आला ‘अपगार’. क्षणभर वाटलं, मेसेज पुसायचे पैसे मागतायत. त्याच संध्याकाळी घरमालकीण बाई जिन्यातून ओरडल्या, ‘अपाग आ लूश!’ म्हणजे दिवा बंद कर. ‘अपगार’ म्हणजे विझवणे, मालवणे, पुसून टाकणे. शाळेत फळा पुसायचा तोही ‘अपगार’च.

पैसे देणं आणि दिवा मालवणं यांचा एकमेकांशी काय संबंध? शोधत गेलो तेव्हा कळलं की दोन्हींच्या पोटात एकच लॅटिन शब्द आहे: ‘पाक्स’, म्हणजे शांती. त्यावरून ‘पाकारे’, शांत करणे. ज्याचं देणं लागतो तो माणूस दारात येऊन बसतो, चारचौघांत बोलतो, मनात धुमसतो. त्याला शांत करायचं म्हणजे त्याचे पैसे द्यायचे. ‘धनको शांत करणे’ या अर्थावरून मध्ययुगात ‘पैसे देणे’ हा अर्थ पक्का झाला. आणि आगीला, दिव्याला, तहानेला शांत करायचं तर ‘अपगार’.

हाच शब्द लॅटिनपासून झालेल्या सगळ्या बहिणी-बहिणींत विखुरलाय. स्पॅनिश, कातालान आणि पोर्तुगीज यांत ‘पगार’, इटालियनमध्ये ‘पगारे’, फ्रेंचमध्ये ‘पेये’. नॉर्मन लोकांबरोबर फ्रेंच रूप इंग्लंडात गेलं आणि त्याचं ‘पे’ झालं. म्हणजे आपण ‘पगाराचं पेमेंट झालं का?’ असं विचारतो, तेव्हा एकाच लॅटिन शब्दाची दोन नातवंडं एका वाक्यात शेजारी-शेजारी बसलेली असतात. एक गोव्याच्या बंदरातून आलेलं, दुसरं लंडनहून.

इटालियनने जुना अर्थ अजून जपलाय. तिथे ‘पागो’ म्हणजे तृप्त, समाधानी आणि ‘अप्पगारे’ म्हणजे इच्छा पुरी करणं. आणि रुमानियन तर सगळ्यांत वेगळी. पैसे देण्यासाठी तिने स्लाव्ह लोकांचा शब्द उचलला, ‘प्लाती’. लॅटिन शब्द तिच्याकडे ‘इंपाका’ या रूपात राहिला आणि त्याचा अर्थ आजही समेट करणे, भांडण मिटवणे असाच आहे. पैशाचा त्याला स्पर्शच झाला नाही.

तुम्हाला यात आणखी काय दिसतं? मराठीतल्या जोड्या सुचल्या तर जरूर लिहा.

---

रेवदंड्याची_खाडी

सुरेख धागा. आमच्या खाडीपलीकडे कोर्लईत अजून पोर्तुगीजपासून झालेली बोली घराघरांत बोलतात, ‘नौ लिंग’ म्हणतात तिला, म्हणजे आमची भाषा. शब्द पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी. कोर्लईच्या मासळीवाल्या मावश्या आमच्या दारात मराठी बोलायच्या आणि आपसांत भाव ठरवताना नौ लिंग. लहानपणी ती आम्हाला पाखरांची भाषा वाटायची.

---

जुनी_वही

चाळकरी, माहिती रोचक आहे, पण एक शंका. प्राकृतात ‘पागार’ शब्द आहे, संस्कृत ‘प्राकार’वरून, अर्थ तटबंदी. तटावरच्या शिबंदीला जे मिळतं तो पगार, अशी व्युत्पत्ती का असू नये? प्रत्येक शब्द बाहेरून आला असं म्हणायची आपल्याला जरा घाईच असते.

---

चाळकरी

काका, प्राकृत ‘पागार’ खराच आहे आणि त्याचा अर्थही तुम्ही म्हणता तोच. पण तट ते वेतन या वाटेवरचा एकही मधला टप्पा हाती लागत नाही. शिवकाळ-पेशवाईच्या कागदांत वेतनाला शब्दांची कमी नव्हती: मुशाहिरा, तनखा, रोजमुरा, वेतन. उलट पोर्तुगीज शब्दाचा अर्थही जुळतो, आघातही जुळतो, आणि संपर्कही नुसता ओझरता नव्हता. गोवा १५१० पासून, वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत, त्यांच्या ताब्यात होती. बंदरं, गोद्या, किल्ल्यांची बांधकामं, तोफखाने. ज्या ठिकाणी माणसं रोजावर लागत होती, नेमक्या त्याच ठिकाणी हा शब्द कानावर पडत होता. मेस्त्री, घमेलं, बिजागरी हे शब्दही तिथलेच.

---

व्याकरणवेडी

जुनी_वही काका, तुमचा ‘पागार’ इथे दुसऱ्याच कामाचा आहे. ‘प्राकार’मधल्या ‘का’चा ‘गा’ झालाय ना? ‘पाकारे’चं ‘पगार’ होताना तेच घडलं. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला ‘क’ मऊ होतो. आपल्याकडे सकलचं सगळं झालं, बकाचा बगळा झाला, प्रकटचं प्रगट आपण अजून बोलतो. तिकडे लॅटिन ‘आमीकुस’चं स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये ‘आमीगो’, ‘फोकुस’ म्हणजे चुलीचं पोर्तुगीजमध्ये ‘फोगु’ म्हणजे आग.

फ्रेंच याच वाटेने आणखी पुढे गेली. ‘ग’ही गळाला, ‘आमी’ उरलं. ‘पेये’मध्ये त्या जागी नुसता ‘य’ राहिला. आपल्याकडे कुंभकाराचा कुंभार आणि सुवर्णकाराचा सोनार झाला, त्यातला ‘क’ असाच पुरता विरघळलाय. रुमानियन मात्र पूर्वेकडे एकटी पडली. तिच्याकडे हा बदल पोचलाच नाही, म्हणून ‘इंपाका’त ‘क’ शाबूत.

मला यातली सर्वांत आवडती गोष्ट सांगू? सोनार आणि ‘आमी’ यांनी एकमेकांना कधीच पाहिलेलं नाही. जीभ सगळीकडे सारखीच, तिला दोन स्वरांमध्ये अडथळा नको असतो, एवढंच.

---

मोकळा_श्वास

वाचतोय. ‘पगाराचं पेमेंट’ आता कधीच पूर्वीसारखं ऐकू येणार नाही.

---

बार्देशकार

आमच्या कोंकणीत देणं चुकतं करण्याला ‘फारीक करप’ म्हणतात. ‘तुजे पयशे फारीक केले’. हा अरबी ‘फारिग’, म्हणजे मोकळा, रिकामा. तुमच्या मराठीतली फारकत त्याचीच. आज फारकत म्हणजे नवरा-बायकोची, पण मूळची फारखती हा हिशेब मोकळा झाल्याचा कागद होता.

म्हणजे आमच्याकडे देणं दिलं की माणूस मोकळा होतो, शांत होतो की नाही ते वेगळं. फ्रेंचमध्ये ‘कित’ हा शब्द असाच आहे आणि पोर्तुगीजमध्ये दोघांचा हिशेब मिटला की म्हणतात ‘श्तामुश कित्श’. तो लॅटिन ‘क्विएतुस’वरून, म्हणजे निवांत, स्वस्थ. घरी आजोबा पत्ते खेळून उठताना हे म्हणायचे. मला वाटायचं हे पत्त्यांतलंच काहीतरी आहे.

---

राइनकाठची

चाळकरी दादा, मराठीतली जोडी मागितलीत ना? माझ्याकडे एक आहे आणि ती दगडावर कोरलेली आहे.

मी कोलोनजवळ राहते. या भागात रोमन सैनिकांनी आणि स्थानिकांनी वाहिलेल्या लहान-लहान दगडी वेद्या खूप सापडल्यात. त्यातल्या कितीतरी ‘मात्रोनां’च्या, म्हणजे मातृदेवतांच्या. तिघी जणी शेजारी-शेजारी बसलेल्या, मांडीवर फळांच्या टोपल्या. मी पहिल्यांदा बघितल्या तेव्हा विहिरीकाठच्या आमच्या सातीआसराच आठवल्या. फक्त इथे तिघी आहेत.

या वेद्यांवर खाली बहुधा चार अक्षरं असतात, रोमन लिपीतली. त्यांचा विस्तार असा: ‘वोतुम सोल्वित लिबेन्स मेरितो’. म्हणजे ‘योग्यच होतं म्हणून, आनंदाने नवस फेडला’. इतक्या वेळा लिहावं लागे की नुसती आद्याक्षरं पुरत.

आता यातला ‘सोल्वित’ बघा. ‘सोल्वेरे’ म्हणजे सोडवणे, गाठ सैल करणे. अभिजात लॅटिनमध्ये पैसे देण्याचा नेहमीचा शब्द हाच होता, ‘पाकारे’ नाही. कर्ज ही गाठ आणि ती सोडवायची. आणि आपलं ‘फेडणं’? लुगडं फेडतात, निरी फेडतात, गाठ फेडतात. त्याच क्रियापदाने कर्ज फेडतात, नवस फेडतात, आईबापांचे पांग फेडतात. तुम्ही त्या चार अक्षरांचं मराठी करायला बसलात तर ‘फेडला’शिवाय दुसरा शब्द येतच नाही. तिकडच्या दगडासमोर उभं राहून मी मनात भाषांतर करत नव्हते, ते आपोआप मराठीतच वाचलं गेलं.

---

चाळकरी

ताई, काय लिहिलंत! अंगावर काटा आला. पुन्हा पुन्हा वाचलं.

म्हणजे रोमच्या लोकांकडे देणं देण्याची दोन चित्रं होती. जुनं चित्र गाठीचं, ‘सोल्वेरे’. नंतरचं चित्र शमवण्याचं, ‘पाकारे’. लेकी-भाषांनी पैशाच्या व्यवहारात दुसरं उचललं. पहिल्या चित्रासाठी आपल्याकडे फेडणं आहे. मग दुसऱ्यासाठी?

कालपासून डोक्यात तेच होतं. आज सकाळी सापडलं: भागवणं. आपण तहान भागवतो, भूक भागवतो आणि देणीही भागवतो. ‘एवढ्यात महिन्याचा खर्च भागतो का?’ असं विचारतो. स्पॅनिशमध्ये तहान ‘अपगार’ करतात, देणं ‘पगार’ करतात. आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द आहे. आणि आगीसाठी तर आपण ‘शमवणे’ म्हणतोच, त्यात शांतीचाच धातू.

---

जुनी_वही

भागवणे मान्य. हे मला सुचायला हवं होतं. आणखी एक घ्या: ग्रहाची शांत करणे. पीडा देणारा ग्रह दान-दक्षिणा देऊन शमवायचा. माझ्या काकांना शनीची शांत करायला सांगितली होती, तेव्हा तीळ, तेल, काळं वस्त्र, लोखंड असं सगळं सुपात मांडून दिलेलं मी बघितलंय. धनको आकाशातला, पण रीत तीच.

---

कडूगोड

सगळ्यांचं वाचून आनंद वाटला, पण एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे आणि ते मांडायलाच हवं. ‘पाकारे’ला आपण फार गोड करतोय. रोमचा सेनापती सीझर याने गॉलच्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या, मोहिमेचं वर्णन लिहिलं, त्यात ‘ओम्नी गाल्लिया पाकाता’ असे शब्द येतात: सगळा गॉल ‘शांत’ झाल्यावर. तो कसा शांत झाला ते आपल्याला ठाऊक आहे. गावं जाळली, माणसं गुलाम म्हणून विकली. रोमच्या सेनापतीच्या तोंडी ‘शांत करणे’ म्हणजे जिंकून गप्प बसवणे. ऑगस्टसने रोममध्ये शांतीची वेदी उभारली, इसवी सनापूर्वी ९ साली तिचं लोकार्पण झालं, तीही स्पेन आणि गॉलकडून परतल्याच्या सन्मानार्थ.

तेव्हा पगार देऊन शांत करणं यातही हा दुसरा सूर आहेच. हातावर पैसे ठेवले, आता आवाज नको. ज्यांनी मजुरी केलीय त्यांना हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

---

राइनकाठची

कडूगोड, तुमचं बरोबर आहे, सीझरबद्दल दुमत नाही. पण त्याच्यानंतर साडेपाचशेएक वर्षांनी, त्याच गॉलच्या उत्तर भागात, एक तिसरी गोष्ट घडली. फ्रँक या जर्मन टोळ्यांचा सालिक कायदा सहाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमाराचा. त्यात कोणत्या इजेला किती भरपाई याचे आकडे ठरवून दिलेत. बोट तोडलं तर इतके, माणूस मारला तर इतके. ती रक्कम घरच्यांनी स्वीकारली की सूडाचा हक्क संपला. दंडातला एक वाटा राजाकडे जाई, त्याचं नाव ‘फ्रेदुस’. हा जर्मन भाषांतल्या शांतीच्या शब्दावरून आलेला, आजच्या जर्मनमध्ये ‘फ्रीद’.

म्हणजे ज्या काळात ‘शांत करणे’चा अर्थ ‘पैसे देणे’ असा वळत होता, त्या काळात पैसे देऊन रक्तपात थांबवण्याची रीत लोकांच्या रोजच्या जगण्यात होती. जिंकणाऱ्याची शांती वेगळी आणि ही वेगळी. इथे देणाऱ्यालाही भीती होती.

---

कडूगोड

हे माहीत नव्हतं. शांतीचा दंड! यावर स्वतंत्र धागा काढा, ताई.

---

पहाटवारा

एक भाबडा प्रश्न. लिस्बनमध्ये ‘शांती’ला काय म्हणतात?

---

चाळकरी

पोर्तुगीजमध्ये लिहिताना शेवटी ‘झ’चं अक्षर आहे, पण लिस्बनच्या तोंडी ते ‘श’ होतं. म्हणून ऐकू येतं ‘पाश’.

---

पहाटवारा

पाश?! आपला पाश? बंधन, फास?

---

व्याकरणवेडी

थांबा थांबा. शेवटचा ‘श’ हा निव्वळ योगायोग. तो लिस्बनच्या बोलण्याच्या लकबीतून आलाय, ब्राझीलच्या बऱ्याच भागांत तोच शब्द ‘पाइस’ असा काहीसा ऐकू येतो. उच्चारावरून नातं जोडायचं नाही, हा पहिला नियम.

आता दुसरी बाजू. नातं उच्चारावरून नाही, पण धातूवरून मात्र अनेक अभ्यासक जोडतात. लॅटिन ‘पाक्स’ मुळात मनातली शांतता नव्हतीच, तो दोन पक्षांतला करार होता. ‘पाकिस्की’ म्हणजे करार करणे, ‘पाक्तुम’ म्हणजे ठरलेली गोष्ट. त्यामागे बांधण्याचा, घट्ट करण्याचा जुना धातू आणि संस्कृत ‘पाश’ त्याच घराण्यातला मानतात. शब्दांनी बांधून घेतलं की भांडण थांबतं, म्हणून बांधण्याचं नाव शांतीला मिळालं.

फ्रेंच ‘पेई’ म्हणजे देश, स्पॅनिश ‘पाईस’, हे मात्र ‘पेये’बरोबर मिसळू नका. ते ‘पागुस’वरून, म्हणजे गाव, परगणा. दिसायला जवळ, पण त्यांचा रस्ता वेगळा.

---

पहाटवारा

म्हणजे आधी पाश बांधला, त्यातून पाक्स झालं, त्यातून पगार. आणि लॅटिनचा दुसरा शब्द तोच पाश सोडवणारा. राइनकाठच्या ताईंचा ‘फेडला’ इथे परत आला की!

---

मिठाची_बरणी

सॅलरी म्हणजे मीठ, रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ द्यायचे, हेही जोडा ना. आपल्याकडेही मिठाला जागणं आहे.

---

राइनकाठची

‘सालारियुम’ हा शब्द मिठावरून आहे, ते पक्कं. पण सैनिकांना पोत्याने मीठ मोजून द्यायचे, याला त्या काळचा पुरावा मिळत नाही, ती नंतरची समजूत. सैनिकाचा खरा धागा ‘सोलिदुस’ या नाण्याचा. कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकाच्या आरंभी सुरू केलेलं सोन्याचं नाणं. त्यावरून पोर्तुगीज ‘सोल्दु’ म्हणजे सैनिकाचं वेतन आणि ‘सोल्दादु’ म्हणजे सैनिक. इंग्रजी सोल्जर आणि आपल्या जुन्या कागदांतला सोजीर त्याच नाण्याचे.

---

चाळकरी

सगळ्यांचे मनापासून आभार. कडूगोड, तुमच्या प्रतिसादावर दोन दिवस विचार केला, म्हणून उशिरा लिहितोय.

माझे वडील गिरणीत साच्यावर होते. दहा तारखेला पगार. त्या दिवशी पाळी सुटली की ते थेट घरी येत नसत. आधी चाळीच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जात आणि मी जिन्यावरून उतरून तिथे त्यांना गाठायचो, कारण मला चिक्की मिळायची. वाण्याकडे लाल कापडाच्या बांधणीची लांब वही होती. तो आमचं पान काढायचा. महिन्याभराची ज्वारी, गोडेतेल, चहापूड, साबण अशा ओळींवर ओळी. वडील पाकिटातून नोटा काढून अंगठ्याला थुंकी लावून दोनदा मोजायचे. वाणी एकदा मोजायचा. मग पेन्सिलीने पानावर तिरकी रेघ मारून खाली लिहायचा: ‘चुकते’.

तोपर्यंत दोघंही एकमेकांकडे बघत नसत. रेघ मारली की वाणी वर बघून विचारायचा, ‘काय, घरी सगळे बरे ना?’ वडील म्हणायचे, ‘बरे आहेत शेठ.’ आणि मग तिथेच पाच-दहा मिनिटं बोलत उभे राहायचे.